डोळ्यातलं इंजेक्शन: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) की साध्या खोलीत, आणि नेमकं काय पाहायचं

शुगरमुळे पडद्याला सूज आली आणि डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन सांगितलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हमखास असतो: ओटीत देणार ना? अमेरिकेत हे इंजेक्शन बहुतेकदा तपासणीच्या खोलीतच देतात, आपल्याकडे सहसा ओटीत. नीट काळजी घेतली तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण दोन्हीकडे कमीच, साधारण दर २ ते ३ हजार इंजेक्शनांमागे एक. कारण जंतू हवेतून कमी आणि पेशंटच्या स्वतःच्या पापण्यांवरून जास्त येतात. ओटीची पाटी बघून निर्धास्त होऊ नका, आत काय करतात ते विचारा.

पापणीवर रांजणवाडी, पापण्यांच्या कडांना कोंडा, डोळ्यातून पू किंवा डोळे आलेले असतील तर नाव नोंदवतानाच सांगा. ‘लांब चंदगडहून आलोय, आज उरकूनच टाका’ हा आग्रह महागात पडतो.

सगळ्यात मोठं काम पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचं. पापण्यांना आणि आजूबाजूच्या कातडीला १० टक्के, प्रत्यक्ष डोळ्यात ५ टक्के. ते टाकल्यावर निदान अर्धा मिनिट थांबायचं, दीड-दोन मिनिटं मिळाली तर उत्तम. घाई होते ती इथेच. बधिरतेसाठी जेल वापरणार असतील तर आयोडीन आधी आणि जेलनंतर पुन्हा, कारण जेलच्या थराखाली आयोडीन पोहोचत नाही. डोळा चुरचुरतो म्हणून ‘मला चालत नाही’ असं सांगू नका. चुरचुरणं ही ॲलर्जी नव्हे, आणि कोळंबीची ॲलर्जी असली तरी आयोडीन वर्ज्य होत नाही. खरोखरच सोसत नसेल तर डोळ्यासाठीचं सौम्य क्लोरहेक्सिडिन असतं. आधी-नंतर अँटिबायोटिक थेंब दिले नाहीत म्हणून नाराज होऊ नका. त्यांनी संसर्ग टळतो असं दिसलेलं नाही, उलट दर महिन्याला वापरले तर जंतू त्यांना सरावतात.

मग पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात. सुई पापणीच्या केसाला लागता कामा नये; लागली तर बदलायची. बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिमीवर, ३० नंबरच्या बारीक सुईने ०.०५ मिली औषध जातं. या वेळी कोणीच बोलायचं नाही, पेशंटनेही नाही. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू डोळ्यात गेले तर नजर फार वेगाने जाते. पेशंटला मास्क लावला असेल तर नाकावरची कड चिकटपट्टीने बंद हवी, नाहीतर श्वास थेट डोळ्यावरच येतो.

इंजेक्शनसाठी स्वस्त म्हणून बेव्हासिझुमॅब हे औषध घेणार असाल तर आणखी एक विचारा. त्याची बाटली ४ मिलीची, म्हणजे एकीतून अनेक पेशंटचे डोस निघतात. ते निर्जंतुक व्यवस्थेत एकदाच वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरले तर ठीक. एकाच रबरी बुचात पुन्हा पुन्हा सुई घालत दिवसभर औषध काढत राहिले, तर एका बाटलीपायी त्या दिवशीचे सगळे डोळे धोक्यात येतात. दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी द्यायचं असेल तर तयारी, साहित्य आणि शक्य तिथे औषधाचा बॅच नंबर वेगळा हवा.

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी खुपणं, न दुखणारा लाल डाग, नजरेसमोर गोल काळे बुडबुडे, हे चालतं. डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि काही दिवस गुऱ्हाळाच्या धुरापासून, गोठा झाडण्यापासून लांब राहायचं.

धोक्याचे दिवस मुख्यतः इंजेक्शनच्या दिवसानंतरचा दुसरा ते पाचवा. रोज सकाळी दुसरा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तीच तारीख वाचा. कालपेक्षा अंधुक दिसलं, थांबलेलं दुखणं परत वाढलं, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहू नका, थेंबांचं औषध आतपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. अशा वेळी डोळ्यातल्या द्रवाचा नमुना घेऊन व्हँकोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिग्रॅ ही अँटिबायोटिक थेट आत देतात, आणि इथे तासांना किंमत असते.

म्हणून लांबच्या पेशंटने इंजेक्शन शक्यतो सोमवारी घ्यावं, म्हणजे बुधवार ते शनिवार डॉक्टर जागेवर सापडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरचा केर्लीचा रस्ता बंद होतो; त्या बाजूच्यांनी पाच दिवस कोल्हापुरातच पाहुण्यांकडे राहावं. आणि डिस्चार्ज कागदावर रात्रीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.