ईसीजी काढताना छातीच्या लीड नेमक्या कुठे लावायच्या

पेशंटला सरळ झोपवा आणि काही टोचत नाही, करंटबिरंट बसत नाही हे आधीच सांगून टाका, कारण घाबरून अंग आखडलं की ईसीजीच्या कागदी पट्टीवर नुसती थरथर येते. हातापायाचे क्लॅम्प सोपे, उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा काळा.

खरी गडबड छातीवर. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवा, मधल्या हाडावर एक उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट (दोन बरगड्यांमधली जागा), तिथून मोजत चौथ्या फटीत या. छातीच्या सहा लीड म्हणजे व्ही१ ते व्ही६; हाडाच्या लगत पेशंटच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. मग आधी व्ही४ लावा, पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली, आणि व्ही३ व्ही२-व्ही४च्या मधे. व्ही५ काखेच्या पुढच्या कडेखाली, व्ही६ काखेच्या मधोमध, दोन्ही व्ही४च्याच लेव्हलला (बरगडीबरोबर वर चढवू नका, बरेच जण चढवतात!).

कागदाचा स्पीड २५ मिमी/सेकंद, गेन (रेषेच्या उंचीचं माप) १० मिमी/मिलिव्होल्ट. लीड वन (दोन हातांमधली नोंद) सगळीच उलटी आली तर घाबरायच्या आधी हातांच्या वायरी बघा, बहुतेक अदलाबदल झालेली असते. पट्टीवर नाव, वेळ आणि तेव्हा छातीत दुखत होतं का ते लगेच लिहा.