नैसर्गिक उजेडात पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

कबड्डीपटूचा फोटो काढायचा तर त्याच्या खांद्यांत, दंडांत वर्षानुवर्षांची मेहनत दिसायला हवी. प्रत्यक्षात बऱ्याच फोटोंत एक गुळगुळीत, उजळ माणूस उभा असतो. कारण साधं आहे: काढणाऱ्याला सावली नको असते. पण स्नायूंचा उठाव काय नि कपाळावरची आठी काय, दोन्ही दिसतात ती सावलीमुळेच.

पहिली चूक म्हणजे 'ऊन आपल्या पाठीमागे हवं' हा जुना सल्ला. त्यात समोरचा डोळे मिचकावतो आणि चेहरा सपाट येतो. त्याला वळवा, उजेड कडेने येऊ द्या. नाकाची सावली गालावर पडून त्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरला की जागा सापडली. डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावाने ओळखली जाते ती हीच प्रकाशरचना. पाठ किंवा पोटाचे स्नायू दाखवायचे असतील तर उजेड आणखी कडेने, जवळजवळ त्वचेला घासून गेला पाहिजे.

घरात हे सगळ्यात सोपं. एका खिडकीजवळ दोन-तीन फुटांवर माणूस तिरका उभा करा आणि ट्यूबलाइट बंद करा. ती सुरू राहिली तर त्वचेवर दोन रंगांचे उजेड मिसळतात, आणि ते नंतर एडिटिंगमध्ये नीट निस्तरत नाही. माणसाच्या खिडकीपासून लांबच्या बाजूला लोक सावली उजळायला हटकून पांढरा थर्माकोल धरतात. शरीरयष्टीसाठी उलट करा: त्याच बाजूला खुर्चीवर काळी चादर टाका. भिंतीवरून परतणारा उजेड ती खाते आणि बरगड्यांची रेघ ठळक होते. भिंत पोपटी असेल तर चादर हवीच, नाहीतर अर्धा माणूस हिरवा.

वेळेचा घोळ ठाण्यात वेगळाच असतो. मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ बघून उपवन तलावावर पोचाल तर ऊन आधीच येऊरच्या डोंगरामागे गेलेलं असेल. तिथे बरंच आधी जा. शेवटचं तांबूस ऊन हवं असेल तर वाशीचं सागर विहार बरं, समोर खाडी मोकळी आहे. ऐरोली-घणसोलीकडे उलटं: पूर्वेला पारसिकची टेकडी, म्हणून सकाळचं कोवळं ऊन उशिरा उतरतं आणि तोवर ते तितकं कोवळं राहत नाही.

मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास थेट डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. अशा वेळी गेटच्या छपराखाली, सावलीच्या अगदी कडेला उभं करून चेहरा बाहेरच्या उजेडाकडे करा, डोळ्यांत लगेच चमक येते. डिसेंबरात मात्र भरदुपारीही सूर्य साधारण 47 अंशांवरच असतो, त्यामुळे तेव्हा दुपार अगदीच वाया जात नाही.

पावसाळ्यात ढगांचा उजेड चहूबाजूंनी येतो. आजीच्या चेहऱ्याला तो छान, पैलवानाच्या छातीला निरुपयोगी. त्याला इमारतीच्या पॅसेजमध्ये घ्या, उजेड एकाच बाजूने मिळेल.

मोबाइलवाल्यांनी आधी ब्यूटी मोड बंद करावा. मग गालावरच्या सगळ्यात उजळ जागी बोट ठेवून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढावं. सावळी त्वचा फ्रेमभर असली की कॅमेरा ती उगाच उजळवतो आणि तिची झळाळी राखाडी होते. सावळ्या माणसाला गोरं करून देणारे फोटोग्राफर मला तरी पटत नाहीत. अगदी जवळून 1एक्स झूमवर काढलं तर नाक मोठं येतं; 2एक्स लावा आणि मागे सरका. अंगाला तेलाचा हलका हात चालतो, कपाळ मात्र पुसून घ्या.

स्वभाव पकडायचा तर 'स्माइल' म्हणू नका. नीकॅप चढवताना खेळाडूची मान खाली असते, जबडा घट्ट, बोटं आपलं काम करत असतात. त्याच क्षणी दोन-तीन फ्रेम घ्या. ठाण्यातल्या तलावपाळीवर पोज द्यायला लावलंत तर बघे जमतात, पोरगा पोट आत ओढतो, खांदे वर चढतात. त्यापेक्षा सराव संपता संपता मैदानावर जा. दंड फुगलेले असतात, घाम असतो आणि कॅमेऱ्याकडे बघायला त्याला फुरसत नसते.