घशाशी येणारे आम्ल आणि रोजची दिनचर्या
जठरातील आम्ल आणि पेप्सिन (प्रथिने पचवणारा जठरातला घटक) घशापर्यंत चढले की आवाज बसतो, सारखे खाकरावेसे वाटते, घशात काहीतरी अडकल्यासारखे होते. छातीत जळजळ मात्र अनेकांना होतच नाही, त्यामुळे हे दुखणे ॲलर्जी समजून वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

सर्वांत मोठा फरक रात्रीच्या जेवणाच्या वेळेने पडतो. मेनरोडवरचे दुकान वाढवून साडेदहाला जेवणाऱ्याने सातलाच दुकानात डबा उघडावा, कारण जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी; नुसत्या उशांवर उशा रचल्याने कंबरेत वाक येऊन पोटावर दाब वाढतो. शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे.

रविवारची मिसळ कायमची सोडावी, असे मला वाटत नाही. तर्री वेगळी मागून बेताने घ्यावी आणि त्यावर लगेच चहा टाळावा. तंबाखूला मात्र सवलत नाही.

डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दिल्यास ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी. घशाला उतार पडण्यास दोन-तीन महिनेही लागू शकतात. घास अडकणे, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा आवाज चार आठवड्यांत न सुधारणे, यांपैकी काहीही आढळल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून घशाची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.