पत्र्याखालच्या कोंबड्या आणि सोलापूरचा उन्हाळा

गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरातली थंडी गेलीच म्हणायची. शिवरात्रीनंतर ऊन टोचायला लागतं आणि पाडव्यापासून पुढं पारा चाळिशीच्या आसपासच खेळतो. मे महिन्यात ४२-४३ अंश कुणाला नवे नाहीत. म्हशीला आपण लिंबाखाली बांधतो, बैलाला दुपारी सोडत नाही. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांना मात्र ‘त्या फिरत्यात, त्यांचं काय’ म्हणून सोडून देतो. मग एखाद्या दुपारी चार-पाच कोंबड्या एकदम आडव्या होतात आणि घरात नजर लागल्याची नाही तर रोग आल्याची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा दोन्ही नसतं.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर असतं. तिला घाम येत नाही आणि अंगावर पिसांचा थर. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडं तुरा, गळ्याखालचे लोलक आणि उघडे पाय एवढीच जागा. भोवतालची हवाच अंगाइतकी तापली की तोही मार्ग बंद होतो आणि उरतं फक्त धापा टाकणं. दुपारी दोनच्या सुमाराला खुराड्यापाशी जाऊन थोडा वेळ नुसतं बघा. चोच उघडी, गळ्याची कातडी भराभर थरथरतेय, पंख अंगापासून सुटे धरलेत. शहाणी कोंबडी मोरीच्या पाण्याजवळची ओली माती उकरून त्यात पोट टेकून बसलेली असते. इथपर्यंत ती स्वतःला सांभाळतेय असं समजा. मान खाली टाकून डोळे मिटले, तुरा काळा-निळा पडला, हाकललं तरी उठेना, की मग वेळ फार थोडा असतो.

औषधं आणण्याआधी कोंबड्यांचं वेळापत्रक बदला. याला एक रुपया लागत नाही आणि माझ्या मते अर्धं काम इथंच होतं. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी नऊ-दहाला पोटभर मका किंवा भरडा टाकला तर पोटातली उष्णता आणि बाहेरचं ऊन दोन्ही भर दुपारी एकत्र येतात. म्हणून दिवस उजाडताच, साडेपाच-सहाला, पहिलं खाद्य द्या. दहाच्या आत भांडी उचला. दुसरं खाद्य ऊन कलल्यावर, पाच-साडेपाचनंतर. दिवसभराची भूक असते, संध्याकाळी झुंबड उडते, तेव्हा भांडी दोन जास्त मांडा, म्हणजे अशक्त कोंबडीच्याही वाट्याला काही येईल. भरडा ओला करून देत असाल तर लागेल तेवढाच कालवा. उन्हाळ्यात तो काही तासांत आंबतो.

आता छप्पर. जुन्या माळवदाच्या घरात कोंबड्यांचं खुराडं जाड भिंतीच्या पोटात असायचं, तिथं मे महिन्यातही गारवा टिकायचा. आता सगळीकडं पत्रा आला, आणि डोक्याला लागेल इतका बुटका पत्रा म्हणजे कोंबड्यांसाठी तवाच. त्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला. वर उसाचं पाचट किंवा तुराट्यांचा वीतभर थर टाका. कडबा टाकू नका. उन्हाळ्यातला कडब्याचा भाव बघता गोठ्यातली जनावरं माफ करणार नाहीत. थर तारेनं आवळून बांधा, कारण वळवाच्या वाऱ्यात तो शेजाऱ्याच्या रानात जाईल, आणि चुलीच्या ठिणगीपासून लांब ठेवा. नवं खुराडं बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूनं आत शिरत नाही. बाजूच्या भिंती हातभर उंच आणि वर जाळी.

रात्रीचंही बघा. मांजर, मुंगूस येतं म्हणून डालगं गोणपाटानं गच्च झाकायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे. उन्हाळ्यात आतल्या आत कोंबड्या घुसमटतात. झाकण्याऐवजी बारीक जाळीचं दार करा आणि एका डालग्यातल्या कोंबड्या दोन डालग्यांत विभागा. खाली भुशाचा किंवा भुईमुगाच्या टरफलांचा थर दोन बोटांपेक्षा जाड नको.

पाण्याच्या बाबतीत ‘भांडं भरून ठेवलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. छपरावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते कोंबडी पीत नाही. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात ते तिप्पट-चौपट होतं. मातीची पसरट भांडी घ्या, सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि दुपारी निदान दोनदा पाणी बदला. पाणी दिवसाआड नाही तर त्याहून उशिरा येत असेल, तर कोंबड्यांसाठी एक रांजण वेगळा भरून त्याला ओलं गोणपाट गुंडाळा. इलेक्ट्रोलाइटची म्हणजे क्षारांची पावडर पुडीवरच्या प्रमाणात सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात द्यावी, नंतर साधं पाणी. पावडर नसली तर लिटरभर पाण्यात गुळाचा लहान खडा चालतो. मीठ मात्र अंदाजानं टाकू नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं असतं.

आपल्या हवेचा एक फायदा आहे, ती कोरडी असते. म्हणून वारा येतो त्या बाजूला, आपल्याकडं बहुधा पश्चिमेला, ओली गोणपाटं टांगली की आत चांगला गारवा येतो. समोरची बाजू मोकळी हवी, नाहीतर वारा फिरणार कसा? पण हीच युक्ती वळवाचं आभाळ आलं की अंगावर उलटते. हवेत दमटपणा वाढला की धापा टाकूनही श्वासातलं पाणी उडत नाही. पारा चार अंशांनी उतरलेला असतो, आपण निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच उमसत्या संध्याकाळी कोंबड्या जातात. अशा दिवशी पाणी शिंपडणं बंद करा, गोणपाटं काढून टाका आणि सगळ्या बाजू उघडा. पंखा असेल तर तेव्हाच लावा.

जड कोंबडी आधी जाते. वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंगानं भारी, मोठे कोंबडेही तसेच, त्यांना सगळ्यात थंड कोपरा द्या. गावरान आणि त्यातही उघड्या मानेची कोंबडी ऊन जास्त सोसते. बाजारात विकायला न्यायच्या असतील तर पहाटे न्या. पाय बांधून उलट्या लटकवून मोटरसायकलवर भर दुपारी आणलेली कोंबडी घरी पोचली तरी जगेल याचा भरवसा नसतो.

धापांमुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि अंड्याच्या टरफलाला लागणारा कॅल्शियमचा मेळ बिघडतो. पातळ कवचाची अंडी येतात ती यामुळं. टरफल बहुतेक रात्री तयार होतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. एप्रिल-मे मध्ये खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्याची घाई नको. बसवायचीच असेल तर तीन-चार दिवसांच्या आतली, घरातल्या थंड जागी ठेवलेली अंडी घ्या. उष्ण खोलीत पडून राहिलेल्या अंड्यात जीव धरायला लागतो आणि मग तो अर्धवटच मरतो.

मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस राहिली असेल तर सूर्य उगवायच्या आत टोचा. दवाखान्यातून लस बर्फात, थर्मासमधून आणा. रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या लाकडी फटीही तपासा. कोरड्या उष्ण हवेत गोचीड तिथं दिवसभर लपून रात्री रक्त पितात. फटी चुन्यानं बुजवा आणि कोंबड्यांना अंग लोळवायला राख-मातीचा खड्डा करून द्या.

उष्माघात झालेल्या कोंबडीला बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. साध्या पाण्यात पाय आणि पोट भिजवा, तुऱ्यावर ओला हात फिरवा, सावलीत वाऱ्याला ठेवा. शुद्धीवर येऊन ती स्वतः चोच बुडवेल तेव्हाच पाणी. चोच उघडून ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं.

उन्हानं मरणाऱ्या कोंबड्या साधारण दुपारी दोन ते संध्याकाळपर्यंत मरतात. सकाळी खुराडं उघडल्यावर मेलेल्या दिसल्या, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी, एकापाठोपाठ एक अशी लागण दिसली, तर ऊन कारण नाही. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू नका. चुना टाकून खोल पुरा, बाकीच्या शेजारपाजारी सोडू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.