अपडेटनंतर ईमेल ओळखूच येईना, तेव्हा

सकाळी कॉम्प्युटर लावला तर माझ्या ईमेलच्या खिडकीत दुसरंच कुणीतरी राहायला आलेलं. डावीकडे फोल्डरं होती, पण दोन नावांमध्ये बोटभर अंतर. यादीत पूर्वी एका नजरेत तीसेक मेल दिसायचे, आता मोजून नऊ. प्रत्येक मेलचं एक कार्ड झालं होतं. वरचा मेन्यूबार गायब. आणि इनबॉक्समध्ये मेल किती? चार. आदल्या रात्रीपर्यंत तिथे अकरा वर्षांचा पत्रव्यवहार होता.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रुफं, लेखकांच्या दुरुस्त्या, 'हा अगदी शेवटचा बदल' म्हणून एकाच लेखकाचे आलेले सात मेल, सगळं याच प्रोग्राममध्ये. त्याचं नाव घेत नाही, कारण हे दुखणं आलटून पालटून सगळ्यांकडे येतं. पुढे मेन्यूंची नावं थंडरबर्डची आणि जागोजागी आउटलुकची दिली आहेत, कारण मला विचारणाऱ्यांकडे बहुधा या दोनपैकीच एक असतं.

पहिल्या तासात काय करायचं नाही

घाबरून भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, अकाउंट काढून टाक आणि परत घाल, सगळं जागेवर येईल." भाचा हुशार आहे, पण त्याचा सगळा मेल सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतो. माझा राहत नाही.

फरक असा. आयमॅप पद्धतीचं अकाउंट असेल तर मेल सर्व्हरवर असतो, तुमच्याकडे त्याची प्रत असते. अकाउंट काढून पुन्हा घातलं तर मेल परत उतरतो, फक्त वेळ लागतो. पॉप३ मध्ये मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवला जातो आणि सर्व्हरवरची प्रत सेटिंगप्रमाणे लगेच किंवा काही दिवसांनी पुसली जाते. माझ्याकडे ती मुदत चौदा दिवसांची होती. म्हणजे भाच्याचं ऐकून अकाउंट काढलं असतं आणि त्या वेळी विचारलेल्या 'मेसेज डेटाही काढायचा का' या चौकटीत घाईघाईने खूण केली असती, तर अकरा वर्षांतले दोन आठवडे हाती उरले असते.

तुमचं अकाउंट कुठलं हे अकाउंट सेटिंग्जमधल्या सर्व्हरच्या पानावर लिहिलेलं असतं. तिथे नुसता पोर्टचा आकडा दिसला तरी कळतं: ९९३ किंवा १४३ म्हणजे आयमॅप, ९९५ किंवा ११० म्हणजे पॉप३. तरीही शंका असेल तर ब्राउझरमधून मेल उघडा आणि पाच वर्षांपूर्वीचं एखादं पत्र शोधून पाहा. आयमॅपवाल्यांनीही गाफील राहू नये. 'लोकल फोल्डर्स'खाली जे ठेवलंय ते फक्त तुमच्या डिस्कवर असतं.

मग बॅकअप. थंडरबर्डमध्ये हेल्प मेन्यूत (मेन्यूबार गायब असेल तर आल्ट दाबा) 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे, त्यात प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे तुमचा मेल आणि सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात त्या फोल्डरची ओळ आणि तो उघडायचं बटण. फोल्डर सापडला की प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. प्रोग्राम चालू असताना केलेली प्रत अर्धीकच्ची निघू शकते. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, त्यात 'डेटा फाइल्स' हा टॅब. तुमचा मेल कुठल्या फाइलीत आहे त्याचा पत्ता तिथे मिळतो. हे होईपर्यंत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही.

गेलेला मेल बहुधा लपलेला असतो

माझे ते चार मेल. अर्धा तास डोकं धरून बसल्यावर लक्षात आलं की चारही न वाचलेले आहेत. यादीच्या वर एक नवी पट्टी आली होती आणि तिच्यातलं 'अनरेड'चं बटण दाबलेलं राहिलं होतं. एकदा क्लिक केलं आणि अकरा वर्षं धबाधबा खाली आली. आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गाळण्या बघा. थंडरबर्डमध्ये 'क्विक फिल्टर'ची पट्टी असते. दिसत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-के दाबा, एखादं बटण दाबलेलं असेल तर सोडवा. व्ह्यू मेन्यूतल्या 'थ्रेड्स'मध्ये 'ऑल' निवडलेलं आहे ना, तेही पाहा. आउटलुकमध्ये इनबॉक्सचे 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन कप्पे पडू शकतात, आणि ज्या मेलची आपण वाट पाहतो तो हटकून दुसऱ्यात असतो. व्ह्यूच्या सेटिंगमधून ही विभागणी बंद करता येते.

मग थ्रेड. एकाच विषयावरची पत्रं एकत्र बांधली की नवं उत्तर जुन्या पत्राच्या पोटात जाऊन बसतं. माझ्या कामात 'प्रूफ' या विषयाचे मेल इतके आहेत की ते बांधून ठेवणं म्हणजे आख्खा छापखाना एका पाकिटात घालणं. मी थ्रेड बंद केले. तुमचा पत्रव्यवहार निवांत असेल तर राहू द्या.

एवढं करूनही एखाद्या फोल्डरमध्ये मेल दिसत नसेल, तर थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. नावावरून भीती वाटते, पण आत काय होतं ते समजलं की वाटत नाही. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत ठेवतो आणि शेजारी त्याची सूची वेगळ्या फाइलीत. रिपेअर म्हणजे सूची फेकून देऊन मूळ फाइलीवरून नवी तयार करणं. पुस्तकाची सूची चुकली म्हणून पुस्तक जात नाही. मात्र या भानगडीत कॉलमांची मांडणी कधीकधी पुसली जाते, तेव्हा हे काम कॉलम लावण्याआधी उरकून घ्या.

दाटी आणि वेलांट्या

कार्डं नको असतील तर यादीच्या डोक्यावर उजवीकडे छोटं चिन्ह आहे, त्यात 'टेबल व्ह्यू' निवडा. थंडरबर्डमध्ये ही कार्डं २०२३ साली ११५व्या आवृत्तीत आली. टेबल केलं की कॉलम परत मिळतात, पण ते फोल्डरगणिक वेगळे असतात. मी इनबॉक्स छान लावला, दुसऱ्या फोल्डरमध्ये गेले तर तिथे पहिले पाढे पंचावन्न. एकेक फोल्डर लावत बसू नका. कॉलमांच्या ओळीत अगदी उजव्या टोकाला जे चिन्ह आहे, त्यातून एका फोल्डरची मांडणी बाकीच्या फोल्डरांना आणि त्यांच्या पोटातल्या फोल्डरांना एकदम लावता येते.

ओळींमधलं अंतर म्हणजे 'डेन्सिटी'. तीन आडव्या रेघांच्या मेन्यूत ती कॉम्पॅक्ट, डिफॉल्ट आणि रिलॅक्स्ड अशी तीन मापांत असते. मी तावातावाने कॉम्पॅक्ट केलं आणि दोन दिवसांत गुमान मधल्यावर आले. रोमन लिपीला ती दाटी चालते. आपल्या वेलांट्या वरच्या ओळीला आणि उकार खालच्या ओळीला टेकायला लागतात, आणि माझ्या पडद्यावर 'कु' आणि 'कू' यात फरकच कळेना. मुद्रितशोधकाने असं दिवसभर बघितलं तर संपलंच. त्यापेक्षा मेलच्या मजकुराचा फाँट सुधारा: सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे फाँटच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जा आणि वरच्या यादीतून 'देवनागरी' निवडा. ही पायरी चुकली तर तुम्ही फक्त लॅटिन अक्षरांचा फाँट बदलत राहता आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

मेन्यूबार हवा असेल तर आल्ट दाबा, तो क्षणभर दिसतो. तेवढ्यात व्ह्यू, टूलबार्स, मेन्यूबार अशी खूण केली की कायम राहतो. वाचायचं पान खाली हवं की बाजूला, ते व्ह्यूच्या 'लेआउट'मध्ये ठरवता येतं.

हाताची सवय

खरं नुकसान मला बटणांनी केलं. 'रिप्लाय' होतं त्या जागी आता 'रिप्लाय ऑल' येऊन बसलं होतं. "यांचं ऱ्हस्व-दीर्घाशी काही जुनं वैर आहे का?" हा प्रश्न मी संपादकबाईंना विचारला होता. तो लेखकमहाशयांनाही पोचला. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, तीही शुद्ध.

तेव्हापासून मी उंदीर सोडून कळा धरल्या. खिडकीचं रूप बदललं तरी कळा सहसा त्याच राहतात. कंट्रोल-आर म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला उत्तर, कंट्रोल-शिफ्ट-आर म्हणजे सगळ्यांना. थंडरबर्ड आणि आउटलुक दोन्हींत हेच. शिवाय पहिला आठवडा थंडरबर्डमध्ये मेल लिहून झाला की कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायचं. मेल लगेच न जाता आउटबॉक्समध्ये थांबतो. दुपारी एकदा सगळे नीट बघून फाइल मेन्यूतल्या 'सेंड अनसेंट मेसेजेस'ने सोडून द्यायचे. टूलबारवर राइट-क्लिक करून बटणं हवी तशी लावता येतात. मी 'रिप्लाय ऑल' पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलंय.

जुनी आवृत्ती परत घालावी का?

मीही हाच विचार केला होता. पण नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडते तेव्हाच प्रोफाइलमधल्या काही फाइली नव्या पद्धतीच्या करून घेते. म्हणून जुना थंडरबर्ड ते प्रोफाइल उघडायला नकार देतो आणि नवं, रिकामं प्रोफाइल पुढे करतो. ते बघून पुन्हा 'मेल गेला' असं वाटणार. शिवाय मेलचा प्रोग्राम दिवसभर अनोळखी लोकांची पत्रं उघडत असतो, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना ठेवणं मला पटत नाही. आउटलुकचं वेगळं आहे. 'न्यू आउटलुक'चं बटण बंद करता येत असेल तर क्लासिक परत मिळतं, आणि तुमचं काम जुन्या कॉम ॲड-इनवर, म्हणजे आउटलुकला जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या छोट्या प्रोग्रामांवर अडलेलं असेल तर तेच करा, कारण नव्यात ती चालत नाहीत.

थंडरबर्डवाल्यांना मधला रस्ता आहे. ईएसआर नावाची आवृत्ती घ्या. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, मोठा बदल साधारण वर्षातून एकदा येतो. तो यायच्या आधी माझ्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढून प्रोफाइलच्या बॅकअपशेजारी ठेवते. मागच्या वेळी कॉलमांचा क्रम आठवता आठवता माझी दुपार गेली होती.