अमेरिकेतलं टपाली मत बाद होऊ नये म्हणून या चुका टाळा

निवडणूक चुरशीची झाली की अमेरिकेत मतमोजणीचा वाद कोर्टात जातो. तिथे बरेचदा भांडण असतं ते लिफाफ्यावरून: सही आहे का, तारीख आहे का, वेळेत पोचला का. नियम राज्यागणिक वेगळे, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांच्या सल्ल्यावर जाऊ नका. मतपत्रिकेसोबत आलेला सूचनांचा कागद वाचा.

पेनसिल्व्हेनियात दोन लिफाफे येतात. मतपत्रिका आधी आतल्या, गोपनीयतेच्या लिफाफ्यात घालायची. तो विसरलात तर मत बाद; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच तसा निकाल दिला आहे. त्या लिफाफ्यावर नाव, पक्ष, खूण काहीही लिहू नका. बाहेरच्या लिफाफ्यावर सही करा आणि सही केल्याच्या दिवसाची तारीख घाला. काही जण तिथे जन्मतारीख लिहून बसतात. या तारखेवरून वर्षानुवर्षं खटले चालले. संघराज्याच्या अपील न्यायालयाने मार्च 2024 मध्ये अट उचलून धरली आणि ऑगस्ट 2025 मध्ये दुसऱ्या खटल्यात ती घटनाबाह्य ठरवली. आपल्या मताचं भवितव्य अशा निकालांवर कशाला सोडायचं? तारीख लिहाच.

ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्नियात सही जुन्या नोंदीशी ताडून पाहतात. लायसन्सवर इंग्रजी सही आणि लिफाफ्यावर मराठी, असं करू नका. सही बदलली असेल तर नोंदणी आधीच अद्ययावत करा. फोन आणि ईमेल द्या, कारण सही जुळली नाही तर दुरुस्तीसाठी मोजकेच दिवस मिळतात.

नावाचा घोळ आपल्या लोकांचा खास. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. अर्जावर पूर्ण, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी ओळख क्रमांकाच्या) नोंदीत गायब. मग नोंदी जुळत नाहीत. 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायाधीशपदाच्या निवडणुकीचा निकाल 734 मतांनी लागला. हरणाऱ्या उमेदवाराने 60 हजारांहून जास्त मतांवर आक्षेप घेतला. मुख्य कारण, नोंदणीत लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. कित्येकांनी तो दिलेला होता, पण नोंदी न जुळल्याने तो यादीत उतरलाच नव्हता. ती मतं अखेर टिकली, पण वाद मे 2025 पर्यंत चालला. त्या मतदारांवर हा निव्वळ अन्याय होता. तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं ठेवा.

टपालाचा शिक्का पेटीत टाकल्याच्याच दिवसाचा असतो, हे गृहीत धरू नका. मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पाठवा. त्याहून उशीर झाला तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात किंवा अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः द्या. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी रात्री 8 पर्यंत लिफाफा पोचलाच पाहिजे.

चुकीचा गोल भरला तर खाडाखोड न करता नवी मतपत्रिका मागा.

ग्रीन कार्डवर असाल तर लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या रकान्यावर खूण करू नका. नागरिक नसताना केलेली नोंदणी किंवा मतदान थेट हद्दपारीपर्यंत नेऊ शकतं.

लिफाफा पाठवल्यावर त्याची स्थिती ऑनलाइन तपासत राहा. पेनसिल्व्हेनियात आतला लिफाफा राहिल्याचं कळलं तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन प्रोव्हिजनल (तात्पुरती) मतपत्रिका मागा; ती मोजलीच पाहिजे, असा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2024 चा निकाल आहे.