उपकेंद्रात पडदा हवाय? आधी पासबुक मागा

'महिलांच्या आरोग्यासाठी निधी वाढवावा' असं निवेदन तहसीलदारांना द्यायचं, फोटो काढायचा, घरी यायचं. असे गट मी खूप पाहिले. पोचेचा शिक्का मिळतो आणि विषय तिथेच संपतो. एक तर गावातलं सरकारी आरोग्य उपकेंद्र चालवते जिल्हा परिषद, तहसीलदार नव्हे. शिवाय पैसा कुठल्या खात्यातून आणि कुणाच्या सहीने निघतो, याचा निवेदनात पत्ताच नसतो. बचत गट किंवा महिला मंडळाचं प्रशिक्षण घेणार असाल, तर हे आधी शिकवा.

पैसा डोळ्यांनी दाखवा. पहिला दिवस भाषणात घालवू नका. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं पासबुक मागवा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून या समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेनुसार खर्च करता येणारा पैसा, मिळू शकतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तोही ताळेबंदात शोधायला लावा. 'हा पैसा आपलाच होता?' असं कुणीतरी विचारतंच. त्या प्रश्नावर थांबा, घाई करू नका.

एक जपा: आशाताईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. समितीच्या हिशेबाचं खापर तिच्यावर फुटतं, सही मात्र दुसऱ्याचीही असते. ती तुमच्या बाजूला बसलेली हवी.

मागणी एकच, पण मोजलेली. बायकांना विचारा, 'शेवटच्या बाळंतपणात पदरचा पैसा कुठे गेला?' एका गावात हा प्रश्न विचारला आणि एकीने पिशवीतून बाहेरच्या मेडिकलची घडी पडलेली चिठ्ठी काढली: हातमोजे, इंजेक्शन, सलाईन. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ती चिठ्ठी म्हणजे पुरावा. अशा चार-पाच चिठ्ठ्या जमवा. तारीख, वस्तू, रक्कम वहीत लिहा. नावं मात्र लिहू नका. गर्भपात, तांबी, शस्त्रक्रिया हे विषय कुणाच्या नावानिशी ग्रामसभेत गेले, तर दुसऱ्या दिवसापासून ती बाई मीटिंगला येणार नाही.

मग मागणी योग्य दारावर न्या. तपासणीच्या टेबलाला पडदा, दिवा, पाण्याची टाकी ही गावाची कामं. औषधांचा तुटवडा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. सिस्टरची रिक्त जागा जिल्हा परिषदेकडे. गावाने सोनोग्राफी मशीन मागू नये. त्याला कायद्याने नोंदणी लागते आणि पात्र डॉक्टर लागतो, नुसतं मशीन येऊन काही होत नाही.

दिवस पकडा. 'आमचं गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होतं. त्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मागणी ठेवा. मार्चमध्ये जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तालीम घ्या, तीही दोनदा. माझ्या मते प्रशिक्षणाचा अर्धा वेळ इथेच जावा. एक बाई सरपंच, एक ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), आणि एक मागून ओरडणारा भाऊ: 'बायकांचे विषय इथं कशाला?' बोलणारीला दोन मिनिटं. तिने एवढंच सांगायचं: काय नाही, किती जणींना त्रास होतो, किती खर्च येईल, कुठल्या निधीतून करायचं. 'पाळी', 'अंगावरून जाणं' हे शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारताना सगळ्या हसतात. हसू द्या. दुसऱ्या तालमीत हसू कमी होतं, आवाज चढतो.

ठराव कागदावर. 'बघू, करू' म्हणजे नाही. सूचक आणि अनुमोदक ठरवूनच जा, प्रोसिडिंगमध्ये लिहिल्याशिवाय उठू नका आणि नक्कल मागा. नक्कल मिळत नसेल, तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. उत्तराची मुदत ३० दिवस. गावपातळीवर सुटत नसेल, तर जनसुनवाई घेता येते, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी जाहीरपणे मांडायच्या. महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीच्या, म्हणजे लोकांनीच आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याच्या, कामात २००७ पासून ती रीत आहे, आणि लेखी पुराव्यापुढे अधिकाऱ्यांचा सूर बदलतो.

तीन महिन्यांनी जाऊन बघा. हा टप्पा सगळे विसरतात. एका उपकेंद्राच्या पडद्याचा ठराव झाला, खर्च पडला, बिलही पास झालं. आम्ही गेलो तर हिरवं कापड कपाटात घडी घालून ठेवलेलं. दांडीचे पैसे कुणी धरलेच नव्हते. गटातल्या एका आजीने तिथेच टेपने भिंत मोजली, साडेसहा फूट, आणि पुढच्या ग्रामसभेच्या यादीत पहिल्या ओळीवर 'दांडी' लिहायला लावलं.